राज्याला पुण्य लागते काय?

फाल्गुन वद्य षष्ठीस पैठणला संत एकनाथांच्या समाधीचे दर्शन घेऊन, यात्रेच्या लोटातून कसेबसे अंग सोडवून, मी जवळच्याच एका खेड्यात स्नेह्याकडे दोन दिवस मुक्कामास गेलो होतो. दुसऱ्या दिवशी उन्हे तापू लागण्याच्या सुमारास गावातून फिरत असता ग्रामपंचायतीच्या कचेरीला लागून असलेल्या अंगणवाडीच्या खोलीपाशी येऊन थांबलो. भिंतीवर केळी, गाजरे आणि मुळाक्षरे यांची सरमिसळ रंगविलेली होती. आत पंधरा-वीस मुले ताडपत्रीवर ओळीने बसली होती, आणि मदतनीस बाई पातेल्यातून मुगाच्या डाळीची खिचडी वाढीत होत्या. ओळीच्या शेवटी बसलेल्या चारएक वर्षांच्या एका मुलाने आपले ताट बोटभर पुढे सरकविले. तो बोलला नाही, त्याने मान वर केली नाही. केवळ ताट सरकले, पळीभर खिचडी त्यात पडली, आणि ताट पुन्हा मांडीशी आले. त्या सरकविण्यात याचना नावालाही नव्हती. आपल्याच शेतातल्या विहिरीचे पाणी माणूस ज्या सहजतेने ओंजळीत घेतो, त्या सहजतेने त्याने तो घास घेतला.

त्याची आजी दाराशी उंबऱ्यावर बसली होती. मुलाचे आईबाप दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेले होते, आणि कारखान्याचा पट्टा अजून पडावयाचा असल्याने ते परतले नव्हते. माझ्याकडे पाहून, पण जणू स्वतःशीच, ती म्हणाली, ‘‘सरकारला लई पुन्य लागत आसंल, दादा. रोज एवढ्या लेकरांना खाऊ घालतंय.’’

वाक्य साधे होते आणि त्यामागची कृतज्ञता खरी होती. परंतु ते ऐकल्यापासून एक प्रश्न माझी पाठ सोडीना. व्यक्तीने केलेल्या अन्नदानाचे पुण्य व्यक्तीच्या पदरी पडते, असे आपण मानीत आलो. पण राज्याला पदर कोठे आहे? ज्याला मृत्यू नाही, परलोक नाही, पुनर्जन्म नाही आणि ज्याच्या नावाने कोणी पिंड ठेवीत नाही, अशा या अमूर्त संस्थेने चार वर्षांच्या बालकापुढे अन्नाचे ताट ठेवले, तर त्या कृत्याला धर्माच्या परिभाषेत कोणते नाव द्यावयाचे?

सरकारी दप्तराने या प्रश्नाचे आपल्यापुरते उत्तर देऊन ठेवलेले आहे. सेविकेने कौतुकाने दाखविलेल्या नोंदवहीत त्या मुलाचे नाव ज्या रकान्यात होते, त्याचे शीर्षक होते ‘लाभार्थी’. शब्दाची फोड केली तर लाभाचा अर्थी, म्हणजे लाभ मागणारा, लाभाच्या आशेने दाराशी उभा असलेला. आणि अशा शब्दाच्या पुढेमागे ‘पात्र’ हे विशेषण दप्तरात हटकून येतेच. चार वर्षांच्या मुलाने कोणता अर्ज केला, कोणापुढे पदर पसरला, आणि कोणती पात्रता सिद्ध केली, हे त्या नोंदवहीला विचारण्यात अर्थ नाही. पण एवढे मात्र दिसते की आजीच्या मनातील दान आणि दप्तरातील लाभ ही दोन्ही एकाच कल्पनेची अपत्ये आहेत. दोहोंत देणारा उंचावर आहे आणि घेणारा खाली.

ही अंगणवाडी ज्या योजनेतली, तिचा जन्म महात्मा गांधींच्या जयंतीचा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील अवघ्या ३३ प्रकल्पक्षेत्रांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि पूरक आहाराला लसीकरण, आरोग्यतपासणी व शालेयपूर्व शिक्षण यांची जोड देण्यात आली. तिच्याही मागे संविधानाचे ४७ वे कलम उभे होते, ज्यात जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानलेले आहे. परंतु मार्गदर्शक तत्त्वाची न्यायालयात वसुली होत नाही, म्हणून ते कर्तव्य दीर्घकाळ सदिच्छेच्या कोटीतच राहिले. २००१ साली, एकीकडे सरकारी गुदामांत धान्याच्या राशी साठलेल्या आणि दुसरीकडे माणसे भुकेने मरत असलेली, अशा विपरीत अवस्थेत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि त्याच वर्षीच्या २८ नोव्हेंबरच्या हुकुमाने अशा योजना या शासनाची मर्जी नसून लोकांचा हक्क आहेत, असे ठरले. पुढे २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकास अंगणवाडीमार्फत विनामूल्य आहार मिळावा असे विधान केले, त्याचे प्रमाण दिवसाला ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असे परिशिष्टात लिहिले, आणि कुपोषित बालकासाठी ते ८०० उष्मांकांपर्यंत वाढविले. उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला नाही. कायद्याने पात्रतेचा प्रश्नच निकालात काढला; दप्तरातील शब्द मात्र जुनेच राहिले.

शब्द जुने राहिले, कारण त्यांच्यामागे एक फार जुने आणि फार तेजस्वी तत्त्व उभे आहे, ते दानाचे. आपल्या परंपरेने अन्नदानाचा महिमा जितका गायिला, तितका क्वचितच दुसऱ्या कशाचा गायिला असेल. परंतु दानाचे मर्म कशात आहे, हे महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातील मुंगसाच्या कथेने जसे सांगितले तसे कोणत्याही दानखंडाने सांगितलेले नाही. कुरुक्षेत्रात शेतातले सांडलेले दाणे वेचून जगणाऱ्या एका ब्राह्मणाने, त्याच्या पत्नीने, पुत्राने आणि सुनेने दुष्काळात कित्येक दिवसांच्या उपवासानंतर हाती आलेल्या सातूच्या पिठाचे आपापले वाटे अतिथीच्या पुढे ठेवले. त्या पिठाच्या कणांवर लोळलेल्या मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले. आणि उरलेले अर्धे सोन्याचे व्हावे म्हणून ते युधिष्ठिराच्या यज्ञमंडपात येऊन लोळले, तेव्हा मात्र त्याचा एक केसही पिवळा झाला नाही. युधिष्ठिराने कमी दिले असे नव्हे. त्याने अपार दिले. पण दिल्यामुळे त्याच्या ताटातले काही कमी झाले नाही. दानाचे पुण्य दिलेल्या वस्तूच्या मापाने मोजले जात नसून दात्याने सोसलेल्या भुकेच्या मापाने मोजले जाते, हा त्या कथेचा निष्कर्ष आहे.

या कसोटीला राज्य कधीही उतरणार नाही. राज्य उपाशी राहून देऊ शकत नाही, कारण राज्याला भूक नाही. २०१७ साली या आहारासाठी बालकामागे रोजचा दर ६ रुपयांवरून ८ रुपयांवर नेण्यात आला. त्या दोन रुपयांसाठी मंत्रालयातील कोणाच्याही ताटातील घास उणा झाला नसेल. राज्य दाता ठरू पाहील, तर मुंगूस कोरडेच परत जाईल.

शिवाय, दात्याने स्वतःचे द्यावे लागते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा मराठी माणसाला ओव्यांतून, कीर्तनांतून आणि नाटकांतून परिचित आहे. पंधराव्या शतकातील घोर दुष्काळात बेदरच्या बादशहाच्या या कमाविसदाराने सरकारी कोठारे भुकेल्या रयतेसाठी खुली केली. लोकांच्या दृष्टीने ते महापुण्य होते, आणि बादशहाच्या दृष्टीने तो उघड अपहार होता. कथेला हा पेच पूर्णपणे ठाऊक आहे, म्हणूनच तिच्यात प्रत्यक्ष विठ्ठलाला विठू महाराच्या वेषाने दरबारात जाऊन धान्याची रक्कम मोजावी लागते आणि तिची रीतसर रसीद घ्यावी लागते. देवानेसुद्धा हिशेब चुकता केल्यावाचून दामाजीची सुटका होत नाही! भक्तीची ही कथा मला नेहमी हिशेबाचीही कथा वाटत आलेली आहे. कोठारातले धान्य कोणाचे, हा तिच्यातला खरा प्रश्न. आणि तो धान्य बादशहाचे असे गृहीत धरल्यामुळेच उत्पन्न होतो. ज्या दिवशी कोठार रयतेचे झाले, त्या दिवशी दामाजीच्या कृत्यातला अपहार गेला, पण त्याबरोबर दानही गेले. जे काम करताना दामाजीला आपले मस्तक पणाला लावावे लागले, ते आज कायदा निर्वेधपणे करतो. आणि म्हणूनच कायद्याला दामाजीचे संतपण मागण्याचा अधिकार पोहोचत नाही.

दानाचा पक्ष असा दुबळा ठरल्यावर आधुनिक मन दुसऱ्या एका पक्षाचा आश्रय घेते. तो म्हणतो, पुण्याचे राहू द्या. मूल ही राष्ट्राची संपत्ती आहे, आज घातलेला घास उद्या शिकलेल्या हातांच्या आणि निरोगी शरीरांच्या रूपाने परत येईल. १९७४ च्या राष्ट्रीय बालधोरणानेही मुलांची गणना राष्ट्राच्या परमोच्च संपत्तीत केलेली आहे. या युक्तिवादात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. छांदोग्य उपनिषदात श्वेतकेतूला त्याचा पिता पंधरा दिवस केवळ पाण्यावर ठेवतो आणि मग वेद म्हणावयास सांगतो. पाठ असलेले सारे वेद त्या तरुणाच्या स्मरणातून नाहीसे झालेले असतात आणि जेवल्यानंतर ते परत येतात. मन अन्नमय आहे, हे तिथे असे प्रयोगाने सिद्ध केलेले आहे, आणि ज्या पाडसाने अजून मुळाक्षरेही गिरविली नाहीत, त्याच्या बाबतीत ते कितीतरी पटींनी खरे आहे. परंतु गुंतवणुकीचा तर्क जिथे नेतो तिथपर्यंत त्याच्याबरोबर जाण्याची आपली तयारी आहे काय? ज्या मुलाला जन्मतःच असा विकार आहे की ते कधी शिकणार नाही, कधी कमावणार नाही, त्याचे ताट हा तर्क कोणत्या खात्यावर मांडणार? परताव्याची आशा नसलेल्या बालकापुढे जो विचार निरुत्तर होतो, तो सशक्त बालकाच्या बाबतीतही योगायोगानेच बरोबर असतो.

मग दान नाही आणि गुंतवणूकही नाही, तर हे अन्न आहे तरी काय? माझ्या मते त्याचे खरे नाव ऋण असे आहे. शतपथ ब्राह्मणात असे सांगितले आहे की मनुष्य जन्मतो तो ऋणको म्हणूनच जन्मतो: देवांचे, ऋषींचे, पितरांचे आणि मनुष्यांचे ऋण त्याच्या शिरावर असते. यांतील मनुष्यऋण अन्न आणि आश्रय देऊन फिटते, हे सहज समजते. पण विचाराला खरी चालना देते ते पितृऋण. देवांचे ऋण देवांस यज्ञाने पोहोचविता येते, ऋषींचे अध्ययनाने. परंतु ज्या पितरांनी आपणास जन्म दिला, भरविले, बोलावयास शिकविले, ते तर निघून गेलेले असतात. त्यांचे ऋण कोणास द्यावयाचे? परंपरेचे उत्तर असे की ते संततीच्या रूपाने फेडावयाचे. घेतले मागच्यांकडून आणि फेडावयाचे पुढच्यांना, असा हा विलक्षण व्यवहार आहे, आणि त्यात धनकोच्या आसनावर कोण येऊन बसतो ते पाहावे: येऊन बसते ते मूल. आपण सर्वांनी कोणाच्या तरी हातचा घास, तो मागण्याइतकी वाचाही नसताना, घेतलेला आहे. ते मुद्दल आपणावर आहे. अंगणवाडीतल्या त्या मुलाने बोटभर ताट सरकविले, तेव्हा त्यात याचना का दिसली नाही, याचा उलगडा मला इथे झाला. तो वसुलीस आलेला होता.

नाथांच्या पैठणात तर या विचाराला वेगळे प्रमाण शोधण्याची गरज नाही. श्राद्धाच्या दिवशी नाथांच्या वाड्यात पितरांसाठी स्वयंपाक झाला होता. रस्त्याने जाणाऱ्या, त्या काळी अस्पृश्य गणलेल्या माणसांना त्याचा सुवास आला, आणि असे अन्न आपल्या नशिबी कोठले, असे त्यांच्यात झालेले बोलणे नाथांच्या कानी पडले. नाथांनी त्यांना बायकामुलांसह घरात बोलावून तेच अन्न वाढले. निमंत्रित ब्राह्मण रुष्ट होऊन फिरकले नाहीत, आणि मग पितर स्वतःच पानांवर येऊन जेवले, असे चरित्रकार सांगतात. या आख्यायिकेकडे आपण दयेचे उदाहरण म्हणून पाहातो; मला मात्र त्यात दयेहून अधिक कठोर असे काही दिसते. नाथांनी पितरांचे अन्न दुसऱ्यांना दान केले नाही. पितरांचे अन्न कोणास पोहोचले म्हणजे पितरांस पोहोचते, याचा निर्णय त्यांनी केला. भुकेला जेवला, तेव्हा पितर जेवले. ऋण फिटले ते विधीने नव्हे, तर ज्याचे पोट रिते होते त्याच्या पानावर.

‘अंगणवाडी’ या नावातसुद्धा हा विचार नकळत येऊन बसलेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, आणि पुढे १९५७ पासून अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी ते चालविले. या कार्यात त्यांच्या ध्यानात आले की मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात गेले पाहिजे. दानाच्या व्यवहारात घेणारा दात्याच्या दारी जातो. ऋणाच्या व्यवहारात फेडणाऱ्याने धनकोच्या अंगणात जावयाचे असते. त्या दोन स्त्रियांनी शिक्षणाच्या बाबतीत जे ओळखले, ते अन्नाच्या बाबतीत तंतोतंत लागू आहे.

अन्नाला ऋण म्हणावयाचे ठरल्यावर पुष्कळ गोष्टी आपोआप बदलतात. पहिली गोष्ट अशी की हा धनको अज्ञान आहे, कायद्याच्या भाषेतील अर्थानेही आणि व्यवहाराच्या अर्थानेही. गावाकडच्या सातबाऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढे पालनकर्त्याचे नाव लागते, कारण आपले काय आणि किती येणे आहे, हे मुलाला समजत नाही. महाभारतात द्रोणपुत्र अश्वत्थाम्याला श्रीमंतांच्या मुलांनी पीठ कालविलेले पांढरे पाणी दूध म्हणून पाजले, आणि ते पोर आपण दूध प्यालो या आनंदाने नाचू लागले. बापाच्या काळजाला घरे पडली ती त्या नाचण्याने. पोषण आहाराच्या इतिहासातही असे पिठाचे पाणी अनेकदा वाटीत पडलेले आहे: कागदावर उष्मांक पुरे, आणि पळीत डाळीचा दाणा शोधावा लागेल अशी खिचडी. सर्वोच्च न्यायालयास ऑक्टोबर २००४ मध्ये या पुरवठ्यातून ठेकेदारांना दूर ठेवावे आणि ग्रामसमूह, बचत गट व महिला मंडळे यांना प्राधान्य द्यावे, असा हुकूम करावा लागला, तो याच कारणास्तव. दान पातळ असले तरी घेणाऱ्याने तक्रार करू नये, असा शिष्टाचार आहे; ऋणाच्या फेडीत मात्र माप कमी भरले तर तो गुन्हा ठरतो.

दुसरी गोष्ट मुदतीची आणि ठिकाणाची. दान आज नाही जमले तर पुढच्या एकादशीला करता येते. पण गर्भधारणेपासून दुसऱ्या वर्षापर्यंतचे जे सुमारे एक हजार दिवस असतात, त्यांत जे शरीराला आणि मेंदूला मिळाले नाही, त्याची भरपाई पुढे कितीही व्याज देऊन पुरती होत नाही. सेविकेच्या हातातली ती तीन रंगांची पट्टी मुलाच्या दंडाभोवती गुंडाळली, आणि दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरांहून कमी भरून खूण तांबड्या भागात गेली, म्हणजे ती ऋण फिटण्याची मुदत संपत आल्याची नोटीसच असते. आणि नेमक्या याच वयाची, तीन वर्षांखालील मुले अंगणवाडीत येऊन बसत नाहीत. त्यांचा आहार पाकिटातून घरी जातो, आणि घरी सगळीच तोंडे भुकेली असली तर एकाचा वाटा पाच जणांत विभागला जातो. त्या आजीला मी पाकिटाविषयी विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘धाकटीचं येतं की. पर एकटीला कसं द्यावं, दादा? समदेच बघत बसत्यात.’’ यात तिचा दोष कोणता? घरात पंक्तिभेद करू नये, हाच तर तिचा धर्म आहे. एका मुलीचे ऋण फेडावयाचे असेल, तर तिच्या घरातील दारिद्र्याला वळसा घालून ते फेडता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ठिकाणाचे दुःख आणखी निराळे आहे. त्या मुलाला निदान आजी होती. ज्यांना मागे ठेवण्यास कोणी नाही, ती मुले आईबापांबरोबर कोयत्याच्या मागे सांगलीकडे, कोल्हापूरकडे, कर्नाटकात जातात, आणि सहा-सहा महिने पाचटाच्या खोपीत राहातात. कायदा म्हणतो की प्रत्येक बालकास आहार; पण नोंदवही एका गावाची असते. नाव पटावर आणि पोट फडावर, अशी त्या मुलांची अवस्था होते. आणि दैवदुर्विलास असा की बाप मुकादमाचा ऋणको म्हणून उसात उभा असतो, तर त्याच बांधावर बसलेले त्याचे मूल राज्याचे धनको असते. बापाच्या उचलीचा पैनपै हिशेब मुकादमाच्या वहीत बिनचूक उतरतो, आणि मुलाच्या येण्याचा मागमूस त्या शिवारात कोणाच्या दप्तरी सापडेलच, याची खात्री देता येत नाही.

तिसरी गोष्ट, ताटात काय असावे ही. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाच्या अमृत आहार योजनेतून मुलांना अंडे, आणि जे अंडे खात नाहीत त्यांना केळे देण्याची व्यवस्था झाली. शाळांच्या आहारातही नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंड्याचा समावेश झाला, तेव्हा वाद उठला. आणि जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्यासाठीचा निधी थांबवून, ज्यांना द्यावयाचे असेल त्यांनी लोकवर्गणीतून द्यावे, असे ठरविले. अहिंसेचे व्रत थोर आहे, आणि ते प्राणपणाने पाळणाऱ्यांविषयी मला नितांत आदर आहे. दात्याला आपल्या व्रताशी विसंगत वस्तू दान करावयास कोणी सांगू शकणार नाही. पण ऋणको आपल्या व्रताच्या आधारे धनकोचे येणे बदलू शकत नाही. धनकोचे व्रत असेल तर त्याला केळे द्यावे, नसेल तर त्याच्या शरीराची गरज हाच निकष. अंडे निधीतून उठून वर्गणीवर गेले, याचा तात्त्विक अर्थ असा की ऋणाच्या खात्यातील एक रक्कम गुपचूप दानाच्या खात्यात वर्ग झाली.

चौथी गोष्ट वाढणाऱ्या हाताची. हा हात कोणाचा असावा, यावरून आपल्या खेड्यांत आणि शहरांतही जे घडले, ते नाथांच्या वाड्यावर रुष्ट झालेल्या ब्राह्मणांहून फार निराळे नव्हते. म्हणून तर शाळांतील स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य द्यावे, असे एप्रिल २००४ मध्ये न्यायालयाला सांगावे लागले. पण वाढणाऱ्या हाताविषयी माझी आणखी एक तक्रार आहे, आणि ती एका शब्दाविषयी आहे. सेविकेला आणि मदतनिसाला जे मिळते, त्याला वेतन म्हणत नाहीत. त्याला ‘मानधन’ म्हणतात. शब्द आदराचा आहे, आणि त्या आदरातच खोच आहे. मानधन त्याला देतात, जो मोबदल्याची अपेक्षा न धरता सेवा करतो. म्हणजे राज्याने स्वतः फेडावयाच्या ऋणातील श्रमाचा भाग या स्त्रियांच्या दानावर सोपविला. मुंगसाच्या कथेतील तो सातूच्या पिठाचा वाटा आज कोणी देत असेल, तर ते राज्य नसून या स्त्रिया आहेत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा उपदानाचा हक्क मान्य केला. २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातील सेविका संपावर गेल्या, तेव्हा मुलांच्या तोंडचा घास काढल्याचा ठपका मात्र त्यांच्यावरच आला. ऋणकोने आपले देणे दुसऱ्याच्या हाताने भरावे आणि तो हात थकला की त्यालाच बोल लावावा, ही रीत कोणत्या धर्मात बसते?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. राज्याला पुण्य लागते काय? मीमांसकांनी कर्मांचा जो विभाग केला आहे, त्यात याचे उत्तर मला सापडले. स्वर्गाच्या, पुत्राच्या, पर्जन्याच्या इच्छेने करावयाची ती काम्य कर्मे. त्यांना फळ आहे, आणि ती न केली तर दोष नाही. परंतु संध्यावंदनासारखी जी नित्यकर्मे आहेत, ती केल्याने कोणतेही विशेष फळ मिळत नाही, असे एक मोठे मत आहे. ती चुकली मात्र तर प्रत्यवाय, म्हणजे दोष, निश्चित लागतो. बाहेरून पाहाणाऱ्याला हा सौदा मोठा अन्यायाचा वाटेल: केले तर काही नाही, न केले तर पाप. पण जरा थांबून पाहिले म्हणजे कळते की माणसाची सर्वांत जवळची कर्तव्ये सगळी याच जातीची असतात. बालकाचे अन्न हे राज्याचे नित्यकर्म आहे. ते नीट पार पडले तर राज्याच्या खात्यावर काहीही जमा व्हावयाचे नाही: पुण्य नाही, कृतज्ञता नाही, आणि पाकिटावर छायाचित्र छापण्याचा अधिकारही नाही, कारण कर्जफेडीच्या पावतीवर ऋणको आपली तसबीर लावीत नसतो. न पार पडले, तर जो दोष लागेल तो मात्र राज्य नावाच्या अमूर्त वस्तूला चिकटून राहाणार नाही. राज्याला पदर नाही, हे खरे. म्हणून तो दोष आपणा सर्वांच्या पदरात वाटून येईल.

हा सगळा विचार मी पुढे सावकाश, घरी पुस्तके उघडून केला. त्या दिवशी दाराशी मला इतकेच सुचले की आजीला उलट विचारावे: ‘‘आजी, तुम्ही रात्री या नातवाला भाकरी घालता, त्याचं पुण्य तुम्हाला किती लागतं?’’

तिने माझ्याकडे असे पाहिले, की शिकलेल्या माणसाला हे कसे कळू नये.

‘‘घरच्या लेकराला घातल्याचं कसलं वो पुन्य?’’ ती म्हणाली, आणि तांब्यातले पाणी ओतून त्याचा खरकटा हात धुऊ लागली.